प्रवाही डेटा स्वीकारणाऱ्या प्लगइनची पुनर्जोडणी : दोषाची कारणे, निदान आणि उपाय

गोषवारा :
नेटवर्क काही काळ खंडित होऊन पूर्ववत झाल्यानंतरही प्रवाही डेटा स्वीकारणारे प्लगइन पुन्हा कार्यरत होत नाही, ही प्रयोगशाळांमधून वारंवार आढळणारी समस्या आहे. प्रस्तुत लेखात एमक्यूटीटी या संदेशवहन पद्धतीच्या आधारे या दोषाची तीन प्रमुख कारणे, त्यांच्या निदानाची पद्धती आणि उपाययोजना यांचे विवेचन केले आहे. जोडणी तुटणे हा मूळ दोष नसून ती तुटल्याचे न उमगणे हा मूळ दोष होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : प्रवाही डेटा, प्लगइन, पुनर्जोडणी, टीसीपी, एमक्यूटीटी, किप-अलाइव्ह.

१. प्रस्तावना :
भौतिकशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र, कृषिविज्ञान अशा अनेक विषयांच्या अध्यापनात व संशोधनात आज स्वयंचलित उपकरणांकडून अखंड येणाऱ्या डेटाचा उपयोग केला जातो. हा डेटा संगणकावरील आलेखाच्या वा नोंदींच्या प्रणालीत आणून सोडण्याचे काम प्लगइन हा छोटा पूरक प्रोग्रॅम करतो. रात्री इंटरनेट काही मिनिटे बंद पडते व पुन्हा सुरू होते. त्याच संगणकावरील ई-मेल, संकेतस्थळे इत्यादी सर्व काही सकाळी सुरळीत चालते. मात्र आलेखाची रेषा रात्रीच्या त्या क्षणापाशीच थांबलेली असते. प्लगइन स्वतःची स्थिती ‘जोडलेले’ अशीच दाखवीत असते. कोणीतरी ते बंद करून पुन्हा सुरू करतो, डेटा येऊ लागतो आणि प्रश्न सुटला असे मानले जाते. वस्तुतः या कृतीने दोष दूर होत नाही, केवळ त्याच्या खुणा पुसल्या जातात. आणि रात्रीचा डेटा परत येत नाही.

२. उद्दिष्टे :
१) नेटवर्कवरील जोडणीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) पुनर्जोडणी अयशस्वी होण्याच्या कारणांचे वर्गीकरण करणे.
३) निदानाची सोपी व खात्रीशीर पद्धती मांडणे.
४) खंडकाळातील डेटा सुरक्षित ठेवण्याचे उपाय सुचविणे.

३. विषय विवेचन :
विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. महाविद्यालयाच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसविलेला आहे. त्याला जोडलेला छोटा संगणक दर मिनिटाची नोंद बाहेरील सर्व्हरकडे पाठवितो आणि विभागातील संगणकावरचे प्लगइन ती नोंद त्या सर्व्हरकडून घेते. ही देवाणघेवाण एमक्यूटीटी पद्धतीने होते. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी ही पद्धती तयार केली. दुर्बल व बेभरवशाचे नेटवर्क गृहीत धरूनच ती रचलेली आहे. तीत मधला सर्व्हर, म्हणजे ब्रोकर, संदेशांचे वाटप करतो. ज्याला ज्या विषयाचे संदेश हवे असतील त्याने ब्रोकरकडे त्या विषयाची वर्गणी नोंदवावी लागते.

३.१ जोडणी म्हणजे काय?
एमक्यूटीटी ही सामान्यतः टीसीपी या नियमावलीवर चालते. टीसीपीचे दीर्घकाळ आधारभूत राहिलेले विवरण १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये होते. २०२२ पासून आरएफसी ९२९३ ने त्याची जागा घेतली. ‘जोडणी’ या शब्दामुळे दोन संगणकांमध्ये एखादी तार ताणलेली आहे असा समज होतो. प्रत्यक्षात जोडणी म्हणजे दोन्ही टोकांच्या संगणकांनी आपापल्या स्मृतीत ठेवलेली एक नोंद होय. दोघांपैकी कोणीही काही पाठवीत नसेल, तर मधला मार्ग दहा मिनिटे बंद राहून पुन्हा सुरू झाला तरी जोडणी अबाधित राहते. हा टीसीपीचा गुण आहे.

परंतु हाच गुण येथे दोष ठरतो. मार्ग बंद असताना ब्रोकर पुन्हा सुरू झाला, किंवा मधल्या राउटरची वीज गेल्याने त्याच्याकडील नोंद पुसली गेली, तर जोडणी एका टोकापुरतीच उरते. तिला अर्ध-उघडी जोडणी म्हणतात. या टोकाचे प्लगइन केवळ ऐकण्याचे काम करीत असल्यास ते स्वतःहून काही पाठवीत नाही. परिणामी ‘पलीकडे कोणी नाही’ हे त्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. पाऊस नसल्यामुळे असलेली शांतता आणि जोडणी नसल्यामुळे असलेली शांतता त्याच्या दृष्टीने सारखीच असते.

यावर उपाय म्हणून टीसीपीत किप-अलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत असल्याची चाचपणी करण्याची सोय आहे. परंतु १९८९ च्या आरएफसी ११२२ नुसार ती मुळात बंद असावी आणि सुरू केल्यास तिचा मूळ कालावधी दोन तासांपेक्षा कमी नसावा. लिनक्समध्ये ती सुरू केल्यास पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी होते व उत्तर न आल्यास ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चाचण्या होतात. म्हणजे ७२०० अधिक ६७५, अर्थात २ तास ११ मिनिटे १५ सेकंदांनी जोडणी मृत ठरते. पाठविणाऱ्या टोकालाही हे तत्काळ कळत नाही. पोच न मिळालेला मजकूर लिनक्स पुन्हा पुन्हा पाठवीत राहतो आणि मूळ मांडणीनुसार किमान सुमारे ९२४ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांहून अधिक काळ, हार मानीत नाही. तेवढ्यात पावसाची जोरदार सर येऊन गेलेली असू शकते.

३.२ पहिला दोष – जोडणी तुटल्याची जाणीव न होणे :
म्हणूनच एमक्यूटीटीत स्वतंत्र किप-अलाइव्हची तरतूद आहे. हा कालावधी ६० सेकंद ठरविला असेल, तर तेवढ्या काळात दुसरे काही पाठवायचे नसताना प्लगइनने एक छोटा ‘पिंग’ संदेश पाठवावा लागतो. दीडपट काळात, म्हणजे ९० सेकंदांत, काहीच न आल्यास ब्रोकर जोडणी बंद करतो. मात्र ब्रोकरने आपल्याकडे केलेली ही कृती तुटलेल्या मार्गावरून प्लगइनपर्यंत पोहोचत नाही. प्लगइननेही पिंगच्या उत्तराची वाट पाहून, ते वेळेत न आल्यास स्वतःची जोडणी बंद केली पाहिजे. सदोष प्लगइनमध्ये बहुधा पिंग पाठविला जातो, परंतु उत्तराचा हिशेब ठेवला जात नाही. काही ठिकाणी हा कालावधी शून्य ठेवलेला असतो. शून्य म्हणजे ही सोय पूर्णतः बंद.

३.३ दुसरा दोष – प्रयत्न थांबणे :
काही प्लगइन जोडणी तुटल्याचे ओळखतात, लागोपाठ तीन-चार प्रयत्न करतात आणि थांबतात. राउटरला पुन्हा सुरू होण्यास दोन-तीन मिनिटे लागत असल्याने हे सर्व प्रयत्न त्या आतच संपून जातात. काही प्लगइन तात्पुरत्या अडचणीला कायमची चूक समजतात. नेटवर्क नसताना ब्रोकरच्या नावावरून त्याचा पत्ता मिळत नाही, एवढ्यावरून ‘पत्ता चुकीचा’ असा निष्कर्ष काढला जातो. रास्पबेरी पाय ४ व त्यापूर्वीच्या प्रतिमानांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेल्यानंतर नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत त्यांची वेळ चुकीची राहू शकते आणि तेवढ्या काळात सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र अवैध भासते. या अडचणी काही वेळाने आपोआप दूर होतात. पण प्रयत्नच थांबलेला असल्याने त्याचा उपयोग होत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रयत्न कायम सुरू ठेवून त्यांतील अंतर वाढवीत नेणे : १, २, ४, ८ सेकंद याप्रमाणे दुप्पट करीत एका कमाल मर्यादेपर्यंत. पाहो या प्रचलित पायथन ग्रंथालयात मूळ मांडणीनुसार ही मर्यादा १२० सेकंदांची आहे. या अंतरात थोडा यादृच्छिक फरकही असावा. अन्यथा ब्रोकर सुरू होताच सर्व उपकरणे एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडतात. ही कल्पना नवी नाही. मेटकाफ व बॉग्ज यांनी १९७६ मध्ये वर्णिलेल्या इथरनेटमध्ये संदेशांची टक्कर झाल्यावर यादृच्छिक काळ थांबण्याचे हेच तत्त्व होते.

३.४ तिसरा दोष – जोडणी होऊनही डेटा न येणे :
हा दोष सर्वाधिक फसवा आहे. जोडणी खरोखर झालेली असते, परंतु वर्गणी उरलेली नसते. ‘स्वच्छ सत्र’ या पद्धतीने जोडलेल्या ग्राहकाची वर्गणी ब्रोकर जोडणी तुटताच विसरतो. प्लगइनमध्ये वर्गणीची आज्ञा केवळ आरंभी एकदाच दिलेली असल्यास दुसऱ्या जोडणीनंतर ती दिली जात नाही. प्रत्येक जोडणी यशस्वी होताच जे फंक्शन चालते, त्यातच वर्गणीची आज्ञा ठेवणे हा याचा साधा उपाय होय.

याच गटातील आणखी एक दोष ओळख-नावाचा. एमक्यूटीटीत एकाच ओळख-नावाने दुसरा ग्राहक आल्यास ब्रोकर पहिल्याची जोडणी बंद करतो. जुना ग्राहक न मिटविता प्लगइनने नवा निर्माण केल्यास दोघे एकमेकांना बाहेर काढीत राहतात. नोंदवहीत काही सेकंदांच्या अंतराने ‘जोडले – तुटले’ अशी मालिका दिसल्यास हे कारण प्रथम तपासावे.

४. निदानाची पद्धती :
दोष हेतुतः घडवून आणल्याशिवाय निदान होत नाही. संगणकाची नेटवर्क केबल काढणे ही चाचणी अपुरी आहे, कारण ती निघाल्याचे संगणकाला लगेच कळू शकते. त्याऐवजी संगणक व राउटर यांमधील केबल तशीच ठेवून राउटरची बाहेर जाणारी केबल काढावी. प्रथम एक मिनिट, नंतर दहा मिनिटे, आणि शेवटी खंडकाळातच राउटर पुन्हा सुरू करून, अशा तीन चाचण्या घ्याव्यात.

प्रत्येक चाचणीत चार वेळा टिपून ठेवाव्यात : केबल काढल्याची, प्लगइनने ‘तुटले’ असे नोंदविल्याची, पुन्हा ‘जोडले’ असे नोंदविल्याची आणि पहिली नवी नोंद आल्याची. पहिल्या दोहोंतील अंतर किप-अलाइव्हच्या मानाने फार मोठे असेल तर दोष जाणिवेचा. केबल परत लावूनही तिसरी वेळ येतच नसेल तर दोष प्रयत्नांचा. तिसरी वेळ आली पण चौथी आली नाही, तर दोष वर्गणीचा. त्याच वेळी दुसऱ्या ओळख-नावाने एक साधा ग्राहक त्याच विषयावर चालवून पाहावा. त्याला डेटा मिळत असल्यास उपकरण व ब्रोकर निर्दोष आहेत हे निश्चित होते.

५. खंडकाळातील डेटा :
पुनर्जोडणी यशस्वी झाली म्हणजे गेलेला डेटा परत आला असे नव्हे. त्यासाठी कायम ओळख-नाव, टिकाऊ सत्र आणि प्रेषण व वर्गणी या दोहोंत ‘किमान एकदा’ पोहोचण्याची हमी देणारा स्तर १ वापरावा लागतो. तेव्हा ब्रोकर संदेश राखून ठेवतो. परंतु त्याची साठवण मर्यादित असते आणि एकच संदेश दोनदाही येऊ शकतो. म्हणून उपकरणाने प्रत्येक नोंदीवर मापनाची वेळ घालावी व तिची प्रत स्वतःच्या मेमरी कार्डवर ठेवावी. पर्जन्यमापकाने प्रत्येक मिनिटाच्या पावसासोबत आरंभापासूनची एकूण बेरीजही पाठविल्यास मधले संदेश हरवले तरी खंडकाळातील एकूण पाऊस समजतो. तीव्रतेचा तपशील तेवढा गमावतो.

न आलेली नोंद शून्य मानणे ही सर्वांत गंभीर चूक होय. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला गेला नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. शेजारच्या केंद्राचे आकडे घेऊन खंड भरणेही धोक्याचे आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाबा येथे केवळ सुमारे ७४ मिलिमीटर. त्या दिवशी सांताक्रूझची नोंद झाली नसती, तर कुलाब्याच्या आकड्यावरून तिचा अंदाजही बांधता आला नसता. वादळी पावसातच वीज व नेटवर्क खंडित होण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे ज्या काळातील डेटा सर्वांत मोलाचा, तोच गमावण्याचा संभव सर्वाधिक.

६. निष्कर्ष :
१) ‘जोडलेले’ ही खूण पुरावा मानू नये, शेवटची नोंद केव्हा आली हा खरा पुरावा होय.
२) डेटाच्या शांततेला कालमर्यादा असावी आणि ती उलटताच प्लगइनने जोडणी स्वतः तपासावी.
३) पुनर्जोडणीचे प्रयत्न वाढत्या अंतराने, पण अखंड चालावेत.
४) प्रत्येक जोडणीनंतर वर्गणी पुन्हा नोंदवावी.
५) खंडकाळ नोंदींमध्ये खंड म्हणूनच दर्शवावा.

७. समारोप :
नेटवर्क खंडित होणे टाळणे महाविद्यालयाच्या हाती नसते. परंतु ते खंडित झाल्याचे वेळीच ओळखणे व प्रामाणिकपणे नोंदविणे निश्चितच हाती असते. उपरोक्त चाचण्यांना एक दुपार पुरेशी आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाच्या आरंभीच, पावसाळ्यापूर्वी, त्या करून घेतल्यास वर्षाअखेरीस आलेखातील रिकाम्या जागेचे स्पष्टीकरण शोधण्याची वेळ येणार नाही.