अठरा तास बसूनही डोक्यात काही राहत नसेल तर...

दरवर्षी एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्त महाराष्ट्रभर 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. विद्यापीठांत होतो, महाविद्यालयांत होतो, तसा गावागावांतल्या विहारांतही होतो. सकाळी सहाला वंदना घेऊन मुले-मुली बसतात, ती रात्री बारालाच उठतात. कुही तालुक्यातल्या ज्या गावात आम्ही अभ्यासवर्ग चालवतो, तिथेही तो झाला. समारोपाला टाळ्या झाल्या, फोटो झाले.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी वर्गावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही घरी गेलो, तर ती आईसोबत मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला गेली होती. संध्याकाळी भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, वाचतो तं खूप, पण डोक्सात काही राह्यतच नाही. अठरा तास बसलो अन् दुसऱ्या दिवशी चार ओळी आठवल्या नाही. बाबासाहेबांचं नाव घ्यायची आपली लायकी नाही."

हा लेख तिच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहावा लागला. तलाठी, पोलीस भरती, टीईटी, राज्यसेवा, बारावी, नर्सिंग अशा कसल्या ना कसल्या परीक्षेची तयारी करणारी आपली शेकडो मुले हेच वाक्य मनात घेऊन बसतात. लक्ष लागत नाही, लक्षात राहत नाही, परीक्षा जवळ आली की छातीत धडधडते. या तिन्हीचा अर्थ ती एकच लावतात, 'मीच कमी आहे.' हा अर्थ चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे आणि त्यावर काय करता येते, ते इथे मांडत आहोत.

अठरा तासांचा अर्थ

बाबासाहेबांच्या अभ्यासाची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. मुंबईत परळच्या एका खोलीत अख्खे कुटुंब राहत असताना वडील रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना उठवत आणि स्वतः झोपत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. दोन वाजता उठून केलेला अभ्यास आपल्या लक्षात राहतो. त्याआधी मुलाला लवकर झोपवले जाई आणि त्याच्या झोपेसाठी बाप जागा राही, हे आपण सांगत नाही. त्या अभ्यासामागे झोप होती आणि घरातल्या माणसाची साथ होती.

दुसरी अर्धवट गोष्ट अपयशाची. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुन्हा जाता आले ते १९२० मध्ये. १९२३ मध्ये परीक्षकांनी त्यांचा रुपयावरचा प्रबंध सुधारून मागितला. त्यांनी तो मुंबईत बसून सुधारला, पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली. खंड पडला आणि काम परत आले, म्हणून ते नालायक ठरले नाहीत. आपणही ठरत नाही.

बुद्धांच्या काळातल्या सोण कोळिविस या भिक्खूची कथा इथे आठवते. राजगृहाजवळच्या सीतवनात तो इतका कठोर प्रयत्न करी की चंक्रमण करता करता पायांतून रक्त आले. तरी मनासारखी प्रगती होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? आणि फार सैल सोडल्या तर? सोणाला उत्तर आधीच माहीत होते. वर्षातून एक दिवस अठरा तास बसणे हे अभिवादन आहे. ते जरूर करावे. पण रोजचे वेळापत्रक म्हणून ते लावले, तर तार तुटते.

लक्ष का लागत नाही?

मन एकाग्र होण्यात येणारे अडथळे बुद्धांनी पाच सांगितले आहेत. त्यांना पंच नीवरण म्हणतात. ते ध्यानासाठी सांगितलेले असले तरी अभ्यासाच्या टेबलावर तेच पाच येऊन बसतात.

कामच्छंद म्हणजे सुखाची ओढ. आज तिचे नाव मोबाईल. अभ्यास सोडून पाच मिनिटे रील पाहिली की पाचच मिनिटे जात नाहीत. परत आल्यावर मनाचा एक भाग तिथेच रेंगाळतो. फोन उलटा ठेवून भागत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवावा लागतो. खोली एकच असेल तर आईकडे द्यावा.

व्यापाद म्हणजे राग. घरातले भांडण, कुणीतरी मारलेला टोमणा, वाचता वाचता डोक्यात घुमत राहतो. दोन ओळींत लिहून काढून वही बंद केली तर तो थोडा सुटतो.

थीनमिद्ध म्हणजे आळस आणि गुंगी. महामोग्गलानांना ध्यानात डुलक्या येत, तेव्हा बुद्धांनी त्यांना एकेक उपाय सांगितला. पाठ केलेले मोठ्याने म्हणा, कान ओढा, डोळ्यांवर पाणी मारा, ताऱ्यांकडे पाहा, फेऱ्या मारा. एवढे करूनही गुंगी गेली नाही तर? मग उजव्या कुशीवर झोपा आणि जाग येताच उठा. उपायांच्या यादीत झोपही आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावे.

उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे अस्वस्थता आणि पश्चात्ताप. पुढचा पेपर आणि मागचा पेपर दोन्ही एकाच वेळी छळतात. विचिकिच्छा म्हणजे शंका. 'हे मला जमेल का' या प्रश्नातच दिवस जातो. या दोघांवर आम्हाला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. काम इतके लहान करायचे की शंकेला जागा उरू नये. 'आज राज्यघटना संपवतो' असे म्हणायचे नाही. 'पंचवीस मिनिटांत मूलभूत हक्कांची सहा कलमे' असे म्हणायचे. मग पाच मिनिटे उठायचे, पाणी प्यायचे, पुन्हा बसायचे.

लक्षात का राहत नाही?

आपल्या आज्या शाळेत गेल्या नाहीत, पण त्रिशरण, पंचशील आणि बुद्धवंदना त्यांना तोंडपाठ असते. ती पुस्तकासमोर अठरा तास बसून पाठ झालेली नाही. दर पौर्णिमेला, दर कार्यक्रमाला, पुस्तक न पाहता, सगळ्यांसोबत म्हणून म्हणून पाठ झाली आहे. त्रिपिटकही असेच टिकले. श्रीलंकेत ते लिहून काढले जाण्याआधी काही शतके भिक्खूसंघाने ते समूहाने म्हणत, म्हणजे संगायन करत, मुखोद्गत ठेवले.

आधुनिक मानसशास्त्र वेगळ्या वाटेने इथेच पोहोचले. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्याने विसरले जाते. म्हणजे दुसऱ्या दिवशी विसरणे हा आपल्या मेंदूचा दोष नाही, सगळ्याच मेंदूंचा तो स्वभाव आहे. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कारपिकी यांनी विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के.

आपली मुले फसतात ती इथेच. पुन्हा पुन्हा वाचले, रंगीत पेनाने ओळी रंगवल्या की 'येते' असे वाटते. पण ती फक्त ओळख असते. गल्लीत चेहरा दिसला की ओळखतो, नाव विचारले तर आठवत नाही, तसे. म्हणून वाचून झाले की पुस्तक मिटायचे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरायचे. तेच दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करायचे. आठवताना कष्ट पडतात, चुका होतात, आणि त्या कष्टातच स्मरण पक्के होते. त्यानंतर पुरेशी झोपही हवी, कारण दिवसभर शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो.

चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून त्याच्या सख्ख्या भावाने त्याला संघातून निघून जायला सांगितले. बुद्धांनी त्याला पाठांतराचा आणखी एक तास वाढवून दिला नाही. पांढरे फडके हातात देऊन त्याला झेपेल अशी वेगळी रीत दिली. पुढे तो अर्हत झाला. एक रीत जमली नाही म्हणजे माणूस मंद, असे त्या परंपरेने कधी मानले नाही.

भीती एकट्याची नसते

आता सर्वांत महत्त्वाचे. चिंता हा फक्त मनाचा कमकुवतपणा असता तर वर सांगितलेले पुरेसे होते. समाजशास्त्राची विद्यार्थी म्हणून आम्हाला तसे म्हणता येत नाही.

उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणाची जात सांगितली नव्हती, तेव्हा दलित मुले आणि सवर्ण मुले सारखीच कामगिरी करत होती. सगळ्यांसमोर नाव घेऊन जात जाहीर केली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. वर्गात कुणी 'तुमचं काय, तुम्हाला सवलत आहे' म्हणते, तेव्हा आपल्या मुलांच्या डोक्यात काय होते, ते या प्रयोगातून समजते. अर्धे मन प्रश्न सोडवते आणि अर्धे मन स्वतःला सिद्ध करत बसते.

पैशाचेही तसेच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी तोडणीआधीच्या तंगीत आणि पैसा हाती आल्यावर अशी दोनदा घेतली. माणसे तीच होती, पण तंगीतले गुण कमी आले. काळजीच डोक्यातली जागा खाते. कुही तालुक्यात हे दिसायला दूर जावे लागत नाही. गोसेखुर्दमध्ये शेती गेलेली घरे, पुनर्वसनाच्या वस्त्या, मजुरीवर चालणारी चूल आणि नागपूरला येण्या-जाण्यात जाणारा दिवस. अशा घरातून मूल अभ्यासाला बसते, तेव्हा त्याने अर्धी लढाई आधीच लढलेली असते.

म्हणून कार्यकर्त्यांनी 'मन लावून अभ्यास कर' एवढेच सांगून थांबू नये. शिष्यवृत्तीचा अर्ज सोबत बसून भरून द्यावा. वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल तर स्वाधार योजनेची माहिती द्यावी. बार्टीच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिरातींवर नजर ठेवावी. फीची चिंता मिटणे हाही लक्ष लागण्याचा उपायच आहे.

शरीरही तपासा

सतत थकवा, धाप, चक्कर, अक्षरांवर नजर न ठरणे ही रक्तक्षयाची लक्षणे असू शकतात. देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो. शिवाय विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. 'आळशी' म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलीचे रक्त आधी तपासावे.

विहारात काय करता येईल?

आमच्या वर्गात आता असे चालते. सुरुवातीला दहा मिनिटे आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. मन भटकेल, ते परत आणायचे. हे परत आणणेच सराव आहे. डोळे मिटल्यावर कुणाची घबराट वाढत असेल तर त्याने हळू चंक्रमण करावे, जबरदस्तीने बसू नये. मग पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तीन टप्पे. शेवटची अर्धी वेळ 'संगायन', म्हणजे तिघांचा गट, पुस्तके मिटलेली, एकाने विचारायचे आणि दोघांनी सांगायचे. चुकले तर हसायचे नाही, हा एकमेव नियम. रात्री दहानंतर कुणाला बसू देत नाही.

काही गोष्टी मात्र वर्गाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक उडाली, रडू आवरत नाही, कशातच रस उरला नाही, अचानक श्वास कोंडतो, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटते, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाणे जसे लाजेचे नाही, तसेच हेही नाही. कुणी मरणाचे बोलले तर समजावत बसू नका, त्याला एकटे सोडू नका आणि लगेच मदत मिळवा.

ती मुलगी परत यायला लागली. सकाळी सातरा, संध्याकाळी वर्ग. तिच्या गटात ती प्रश्न विचारते, कारण विचारायला आधी स्वतःला यावे लागते. परीक्षा अजून व्हायची आहे, निकालाचे आम्ही काही सांगू शकत नाही. पण 'लायकी नाही' हे वाक्य तिने पुन्हा उच्चारलेले नाही.

येत्या एप्रिलमध्ये आपल्या विहारात अठरा तासांचा उपक्रम असेल तर एक भर घाला. आठवड्याने त्याच मुलांना पुन्हा बोलवा, पुस्तके मिटवा आणि काय आठवते ते एकमेकांना सांगायला लावा. आणि जे आले नाहीत, त्यांच्या घरी जा.

जय भीम! नमो बुद्धाय!