ट्रॉलीचा ब्रेक: तारेचा की बिनतारी?

गळीत हंगामात भालकी, हुमनाबाद, आळंद भागात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या सर्रास दिसतात. बहुतेकांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर सगळा भार ट्रॅक्टरवर येतो. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळायला ते सोयीचे, पण रस्त्यावर दोन्ही पेडल खिटीने जोडलेच पाहिजेत. नाहीतर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

अमेरिकेत मात्र अनेक ट्रेलरांच्या ब्रेक ड्रममध्ये बारा व्होल्टचे विद्युतचुंबक असते. त्याला किती वीज द्यायची, हे कंट्रोलर ठरवतो. तारेचा कंट्रोलर चालकासमोर बसतो. ट्रेलर डुलू लागला की खटका दाबून फक्त मागचा ब्रेक लावता येतो. बिनतारी कंट्रोलर ट्रेलरच्या प्लगपाशी लागतो, एका गाडीचा काढून दुसरीला लावता येतो, मात्र खटका बहुधा मोबाइलच्या पडद्यावर.

धुळीत, धक्क्यांत, अंधारात पडद्यावर बोट शोधत बसायचे? आपल्याकडे तारेचाच बरा. पण आधी ट्रॉलीच्या चाकात ब्रेक हवा! ट्रॅक्टरला ट्रेलर ब्रेकचा व्हॉल्व्ह असेल, तर हायड्रॉलिक ब्रेकची ट्रॉली घेणे जास्त व्यवहार्य. जोड सुटल्यास ट्रॉली आपोआप थांबवणारी सोय आहे का, तेही विचारावे.