गुण कशाचे, हे आधी सांगावे

निकाल लागला की आपण एकमेकांस 'किती पडले?' असे विचारतो. 'कशाचे पडले?' हे सहसा कोणी विचारीत नाही, आणि विचारले तरी उत्तर देऊ शकतील असे विद्यार्थी थोडेच. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आमच्या सीमाभागात तो अधिक जाणवतो. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. मराठीत ज्यांना आपण 'गुण' म्हणतो त्यांना कन्नडमध्ये 'अंक' म्हणतात. बी.कॉम.ला आलो तर सारे 'मार्क्स', 'क्रेडिट' आणि 'ग्रेड पॉइंट'. शब्द पाठ होतात हो! पण 'डिफाइन' म्हटले की व्याख्या पुरे, 'डिस्कस' म्हटले की दोन्ही बाजू मांडावयाच्या, 'इलस्ट्रेट' म्हटले की उदाहरण हवेच, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. मग दोन गुणांच्या प्रश्नाला पान भरते आणि दहा गुणांच्या प्रश्नाला वेळ उरत नाही.

हिशेबाचेच उदाहरण घेऊ. अंतिम खात्यांचा दहा गुणांचा प्रश्न आहे. ताळेबंद जुळला नाही की आपण कपाळाला हात लावतो, 'गेले दहाही!' परंतु अशा प्रश्नाला गुण पायरीपायरीने देता येतात. समजा, व्यापार व नफा-तोटा खात्यास चार, ताळेबंदास तीन, समायोजनांस दोन आणि पूरक आकडेमोडीस एक. ही विभागणी आधी ठाऊक असेल, तर घसारा काढताना चुकलेला विद्यार्थीही धीर न सोडता पुढच्या पायऱ्या पुऱ्या करील आणि आकडेमोड खोडून न टाकता नीट मांडील.

श्रेणीचेही तसेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या दहा गुणांकांच्या पद्धतीत 'ए' श्रेणीस ८ व 'सी' श्रेणीस ५ गुणांक आहेत. चार क्रेडिटच्या विषयात 'ए' आणि दोन क्रेडिटच्या विषयात 'सी' मिळाली, तर सरासरी साडेसहा येत नाही. बत्तीस अधिक दहा म्हणजे बेचाळीस, भागिले सहा, म्हणजे ७. कोणत्या विषयाचे वजन किती, हे सत्राच्या आरंभीच कळले पाहिजे.

गुणांची योजना उघड करण्यात नवे असे काही नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ नमुना प्रश्नपत्रिकेबरोबर गुणदान योजना प्रसिद्ध करते. सनदी लेखापालांची संस्था परीक्षेनंतर सुचविलेली उत्तरे उपलब्ध करून देते. तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला. परंतु हा हक्क परीक्षेनंतर उपयोगी पडणारा. लिहिण्यापूर्वी जे कळावयास हवे, ते वर्गातच कळू शकते.

निपाणीच्या तंबाखूलाही प्रत असते. पान पाहून, वास घेऊन व्यापारी भाव बोलतो. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथील तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर बसले, ते रास्त भावासाठी. माल आपला आणि मोल दुसऱ्याने ठरवावयाचे, अशा वेळी कसोटी तरी माहीत असावी, हे आमच्या भागात कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

कोणी म्हणतील, कसोटी आधी सांगितली तर मुले तेवढ्यापुरतेच लिहितील. मला तसे वाटत नाही. लेखा मानके छापील आहेत म्हणून हिशेब लिहिणे सोपे झाले, असे कोणी म्हणत नाही. कसोटी उघड असली तरी तिला ज्याचे त्यालाच उतरावे लागते.

म्हणून गुरुवर्यांना तीन नम्र विनंत्या. सत्राच्या पहिल्या आठवड्यात अंतर्गत गुणांची विभागणी फळ्यावर लिहावी. प्रश्नांतील आज्ञार्थी इंग्रजी शब्दांचा अर्थ मराठी व कन्नड दोन्हींत सांगावा. आणि एक उत्तर वर्गात सोडवून, प्रत्येक पायरीसमोर गुण मांडून दाखवावेत. यास फार तर एक तास लागेल. विद्यार्थीमित्रहो, आपल्याकडूनही एक गोष्ट व्हावी. घटक चाचणीचा पेपर हाती आला की बेरीज तपासून तो दप्तरात न टाकता, 'सर, हा गुण कशाचा गेला?' असे सर्वांसमक्ष विचारावे. त्या उत्तराचा उपयोग मागच्या बाकावरच्या मित्रालाही होतो.