रॉड खोटा नव्हता

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी पाळीला आजीकडे होते. पहाटेच्या मिस्सेला जायचं तर अंघोळीला गरम पाणी हवं, आणि नवा घेतलेला रॉड एक बालदी तापवायला नको तितका वेळ घेत होता. आजीचा निकाल तयार होता : "दुकानदारानं फसवलं. 1500 वॉट नुसतं लिहिलंय!" हे तिनं अर्ध्या वाड्याला सांगूनही झालं होतं.

शेजारच्या वायरमननी मीटर लावून दोन आकडे सांगितले : 200 व्होल्ट, 5.7 अँपिअर. मी साहित्याची विद्यार्थिनी. पण दहावीतली दोन सूत्रं अजून लक्षात होती. कॅलेंडरच्या मागं गणित मांडलं.

व्होल्टेज म्हणजे विजेला पुढं ढकलणारा दाब. अँपिअरमध्ये मोजतात ती धारा. तार त्या धारेला जी अडवणूक करते तो रोध. तो ओहममध्ये मोजतात. जॉर्ज ओहम हा कोलोनच्या जुन्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. त्यानं 1827 साली या तिघांचं नातं छापून मांडलं.

रोध = व्होल्टेज ÷ धारा. म्हणजे 200 ÷ 5.7 = सुमारे 35 ओहम.
शक्ती = व्होल्टेज × धारा. म्हणजे 200 × 5.7 = 1140 वॉट.

मग आजीचंच खरं? थांबा. रॉडवर 1500 वॉटच्या शेजारी 230 व्होल्ट असंही लिहिलेलं असतं. रॉडच्या तारेचा रोध जवळजवळ बदलत नाही. पूर्ण 230 व्होल्ट मिळाले तर धारा 230 ÷ 35, म्हणजे साधारण 6.6 अँपिअर, आणि शक्ती 1500 वॉटच्या थोडी वरच. रॉड प्रामाणिक होता, दाब कमी होता. दाब घटला की धाराही घटते, आणि शक्ती दोघांचा गुणाकार असल्यानं तिला दुहेरी फटका बसतो. व्होल्टेज 13 टक्के उतरलं, शक्ती मात्र 24 टक्के.

(हा हिशोब रॉड, इस्त्री, गिझर अशा तापणाऱ्या वस्तूंचा. पंप किंवा फ्रीजच्या मोटारला तो असा सरळ लागू होत नाही.)

खरा धोका वेगळाच निघाला. रॉडची जाड पिन न्हाणीजवळच्या सॉकेटात बसत नव्हती, म्हणून आम्ही कन्व्हर्टर लावला होता. सॉकेट 6 अँपिअरचं. रात्री दाब पूर्ण आला की धारा 6.6! त्यात पिन ढिली. ढिल्या जागी अर्धा ओहम रोध जरी धरला, तरी उष्णता = धारा × धारा × रोध, म्हणजे जवळजवळ 22 वॉट. तेही नखाएवढ्या जागेत. कन्व्हर्टर काढून पाहिला तर एका बाजूनं पिवळा पडून वितळायला लागलेला. आम्ही दुकानदाराला नावं ठेवत होतो, आणि आग लागायची ती आमच्याच भिंतीत.

वायरमननी जाड वायर ओढून 16 अँपिअरचं सॉकेट बसवलं. तुमच्या घरी एवढंच करून पाहा : वस्तूवरचे वॉट भागिले 230. उत्तर 6 च्या जवळ किंवा वर आलं, तर ती वस्तू छोट्या सॉकेटात नको.

सॉकेट आणायला आजी स्वतः गेली. त्याच दुकानात.