पहिल्या गोळीची वेळ

आपल्या वाशिम जिल्ह्यात दारू सोडवण्याची चर्चा घरोघरी होते, पण अफूच्या जातीच्या नशेविषयी कुणी बोलत नाही. 'ते मुंबईकडचं' म्हणून विषय झटकला जातो. वास्तविक अफू आपल्या ओळखीची आहे. जुन्या काळी निंदणाला जाणारी आई तान्ह्या मुलाला अफूचा कण चाटवून झोपवत असे. आजचा गर्द, खोकल्याचे कोडीनचे औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही सगळी त्याच गोतातली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे ७७ लाख लोकांना या नशेसाठी मदतीची गरज आहे.

मुंबईतल्या एका उपचार केंद्रात मी डॉक्टर होतो. तिथे एकदा मालेगावचा, म्हणजे आपल्या वाशिमच्या मालेगावचा, एक ट्रकचालक आला. सोबत थोरला भाऊ. "डॉक्टरसाहेब, याले दोन महिने कोंडून ठेवा," भाऊ म्हणाला. मी म्हटले, कोंडायची गरज नाही. रोज यायचे, गोळी घ्यायची, कामाला जायचे. भाऊ चिडला. "म्हणजे एक नशा सोडून दुसरी?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. गोळीचे नाव ब्युप्रेनॉर्फिन. मेंदूत गर्द जिथे चिकटतो तीच जागा ही गोळी घट्ट धरते, पण काम अर्धेच करते. त्यामुळे टर्की होत नाही, तलफ उतरते, आणि ठरलेल्या मात्रेत नशाही चढत नाही. परिणाम दिवसभर टिकतो.

मात्र ती घट्ट धरते, यातच पहिल्या दिवसाची गोम आहे. अंगात गर्द शिल्लक असताना गोळी दिली, तर ती त्याला हुसकावून लावते आणि टर्की एकदम अंगावर येते. म्हणून गर्द घेतल्यावर साधारण ८ ते १२ तास थांबायचे. घड्याळापेक्षा अंगाकडे पाहायचे: जांभया, वाहणारे नाक, अंगावर काटा, पोटात कळा, मोठ्या झालेल्या बाहुल्या.

आमच्या चालकाने 'काल रात्री घेतला' असे सांगितले. घेतला होता त्याच सकाळी. बाहेर रांग मोठी होती, मी त्याच्या डोळ्यांत नीट पाहिले नाही आणि गोळी दिली. तासाभरात तो फरशीवर गडाबडा लोळत होता. चूक माझी होती. खोटे तर सगळेच बोलतात, भीतीपोटी.

दुसऱ्या दिवशी भाऊ त्याला परत घेऊन आला, याचे मला आजही आश्चर्य वाटते. या वेळी बाहुल्या मोठ्या होत्या, हातावर काटा होता. खर्रा थुंकायला लावला, चूळ भरायला लावली, आणि २ मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली ठेवली. ती गिळायची नसते. गिळली तर बरीचशी वाया जाते. दीड तासाने त्याने चहा मागितला. मग आणखी २ मिलिग्रॅम. पुढच्या काही दिवसांत ८ मिलिग्रॅमवर तो स्थिरावला.

आता भावाच्या 'कोंडून ठेवा'विषयी. १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले ते गर्दच्या विळख्यामुळेच, आणि दाखल होऊन बरे झालेले लोक आहेतच. पण नुसते कोंडले, तर दोन महिन्यांत शरीराची सवय मोडते, तलफ मात्र राहते. बाहेर पडून माणूस जुन्याच मापाने गर्द घेतो आणि श्वास थांबतो. गोळी मनाने अचानक बंद करणाऱ्यालाही हाच धोका. मधुमेहाच्या गोळीसारखी ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. तिच्यावर दारू किंवा झोपेची गोळी मात्र अजिबात नको.

हे औषध मेडिकलच्या दुकानात मिळत नाही, व्यसनमुक्ती केंद्रांतूनच दिले जाते. चौकशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात करावी, किंवा १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर.

चालकाने ट्रक सोडला, मुंबईतच एका गॅरेजमध्ये लागला. रोज नऊला दारात खर्रा थुंकून आत येई. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत भावाचा मला फोन येई: "गोळी चालू हाये ना त्याची? मंग राहू द्या तिकडंच, सोंगणी आमी पाहतो."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)