परिसंवादातील सादरीकरण : पाठांतराकडून मांडणीकडे

प्रस्तावना

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांच्या अंतर्गत मूल्यमापनात परिसंवाद सादरीकरण, विद्यार्थ्यांच्या भाषेत 'सेमिनार', आता रूढ झाले आहे. विषय ठरतात, तारखा लागतात, गुणपत्रके तयार होतात. मात्र चाळीस लोकांसमोर उभे राहून दहा मिनिटे बोलावे कसे, हे विद्यार्थ्याला कोणत्या तासाला शिकवले, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. जे शिकवले नाही त्याचीच परीक्षा घेण्याचा हा प्रकार आहे, आणि त्यात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे.

काही वर्षांपूर्वी एम. ए. च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर सादरीकरण केले. स्थलांतराची व्याख्या त्याने पुस्तकातून शब्दशः पाठ केली होती. तिसऱ्या वाक्यावर तो अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि पुन्हा तेथेच थांबला. 'पाणी' या शब्दाचा उच्चार त्याने 'पानी' असा केला तेव्हा मागच्या बाकावर हसू फुटले. मी २० पैकी ७ गुण दिले व शेऱ्यात 'उच्चार अशुद्ध' असे लिहिले. त्याच दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये तो मित्रांना सांगत होता की 'कोयता' म्हणजे एकटा माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल मुकादमाकडून कशी मिळते, ती हंगामाअखेर का फिटत नाही आणि मग पुढच्या वर्षी त्याच टोळीत जाणे कसे भाग पडते. त्याचे आई-वडील दरवर्षी कारखान्यावर जात असत. सकाळी वर्गात जे यायला हवे होते ते सारे त्याच्यापाशी होते. तेच सादरीकरण आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. प्रस्तुत लेखाचा उद्देश या उणिवेचा विचार करणे हा आहे.

वक्तृत्व आणि सादरीकरण

महाराष्ट्राला व्याख्यानाची मोठी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालविणाऱ्या संस्थेचे 'वक्तृत्वोत्तेजक सभा' हे नावच त्या काळाची निकड सांगते. पुढे शाळा-महाविद्यालयांतून वक्तृत्व स्पर्धा रुजल्या व त्यांतून अनेक उत्तम वक्ते घडले, हे मान्य करावे लागेल. परंतु स्पर्धेतील भाषण बहुधा लिहून घेतलेले, पाठ केलेले आणि हातवाऱ्यांसह बसविलेले असते. त्याचे साध्य प्रभाव हे आहे. परिसंवादाचे साध्य वेगळे : एक मुद्दा श्रोत्याच्या हाती द्यावा, आणि त्याने तो तपासून पाहावा. स्पर्धेत भाषण संपले की टाळ्या होतात, परिसंवादात प्रश्न येतात. पाठ केलेल्या मजकुराला प्रश्न सोसत नाही.

या दृष्टीने स्पर्धेपेक्षा कीर्तन अधिक जवळचे वाटते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एका पदाचे वा अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाला धरून आख्यान लावले जाते. एक सूत्र, त्याचा उलगडा, मग त्याचे उदाहरण. कीर्तनकार समोरचा श्रोतृवर्ग पाहून दृष्टांत बदलतो, कारण त्याने शब्द नव्हे तर क्रम मुखोद्गत केलेला असतो. हा फरक विद्यार्थ्याला समजला की निम्मे काम होते.

एक नमुना : ९ मे १९१६

परिसंवादातील मांडणी कशी असावी, याचा एक नमुना आपल्या हाताशी आहे; पण आपण तो आशयासाठी वाचतो आणि रचनेकडे पाहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. ए. ए. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध सादर केला. त्या वेळी ते २५ वर्षांचे विद्यार्थी होते. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला.

निबंधाची सुरुवात जातीच्या व्याख्येने होत नाही. ती होते वस्तूंच्या प्रदर्शनांपासून, म्हणजे श्रोत्यांनी पाहिलेल्या गोष्टीपासून. वस्तूंप्रमाणे मानवी संस्थांचेही प्रदर्शन मांडता येईल, या कल्पनेवरून ते विषयाकडे वळतात. त्यानंतर सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर (आपले ज्ञानकोशकार) यांच्या व्याख्या घेतात, प्रत्येकीत काय उणे आहे ते दाखवितात व एका मुद्द्यावर येऊन थांबतात : अंतर्विवाह हाच जातीचा गाभा. उरलेले विवेचन या एका वाक्यातून निघते. गट आतल्या आतच विवाह करणार असेल तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. ती बिघडली की पती गमावलेल्या स्त्रीचा व पत्नी गमावलेल्या पुरुषाचा प्रश्न उभा राहतो. आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथांचा उलगडा तेथे होतो. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या तीन प्रथा एकाच सूत्रात ओवल्या जातात. अखेरीस ते चार मुद्दे नोंदवितात आणि आपले मत अंतिम नाही, साधार मतभेदाने ते टिकत नाही असे दिसल्यास सोडून देऊ, असेही सांगतात.

विद्यार्थ्यांना हा निबंध वाचायला देऊन मी एवढेच विचारतो : मुख्य विधान कोणत्या पानावर येते, आणि तोपर्यंत वक्त्याने काय केले? या एका प्रश्नावर अख्खा तास जातो आणि तो वाया गेला असे कधी वाटले नाही.

प्रारंभिक तयारी

पहिली पायरी म्हणजे आपले म्हणणे एका वाक्यात लिहून काढणे. 'ऊसतोड कामगारांचे स्थलांतर' हा विषय झाला, म्हणणे नव्हे. 'उचल हे कर्ज नसून पुढच्या हंगामाची बांधणी आहे' हे म्हणणे झाले. ते बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. असे वाक्य सापडेपर्यंत विद्यार्थ्याला पुढे जाऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. पूर्ण मजकूर हातात असला की डोळे कागदावरून उठत नाहीत, आणि काहीच नसले की भीती वाढते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द, आकडे व नावे असावीत. पहिले व शेवटचे वाक्य मात्र तंतोतंत ठरलेले असावे. सुरुवात करताना छाती धडधडते, तोंड कोरडे पडते. ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया असून पहिल्या एक-दोन मिनिटांत ती बहुधा ओसरू लागते. तेवढा काळ ठरलेले वाक्य तारून नेते. बोलण्याआधी श्वास पूर्ण सोडून मग घ्यावा, हा साधा उपायही उपयोगी पडतो.

तालीम उभ्याने, मोठ्याने आणि घड्याळ लावून करावी. मनातल्या मनात केलेली तालीम फसवी असते, कारण मनात कोणी अडखळत नाही. विरामाची भीती वाटून विद्यार्थी 'म्हणजे', 'काय की' यांनी जागा भरतात. दोन सेकंदांची शांतता वक्त्याला दीर्घ वाटते, श्रोत्याला ती विचार करायला मिळालेली सवड वाटते.

पडद्यावरील मजकूर

'पॉवरपॉइंट' १९८७ मध्ये बाजारात आले आणि पाठांतराला एक नवा आधार मिळाला. आता विद्यार्थी पाठ करीत नाही, पडदा वाचतो. श्रोत्यांच्या दृष्टीने त्यात फारसे अंतर नाही. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी असे दाखविले आहे की चित्र, त्याचे बोललेले स्पष्टीकरण आणि तेच शब्द पडद्यावर, असे तिन्ही एकदम दिले तर आकलन वाढण्याऐवजी घटते.

मांडणीतील दोष किती महाग पडू शकतो, याचे एक उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी 'कोलंबिया' अवकाशयानाच्या डाव्या पंखावर इंधनटाकीच्या फोमचा तुकडा आदळला. यान अवकाशात असताना अभियंत्यांनी अधिकाऱ्यांसमोर जे सादरीकरण केले, त्यातील एका पडद्याचे शीर्षक धीर देणारे होते. मात्र प्रत्यक्ष तुकड्याचे आकारमान १९२० घनइंच आणि उपलब्ध चाचण्यांतील तुकड्याचे अवघे ३ घनइंच, ही बाब सर्वांत खालच्या उपमुद्द्यात बारीक अक्षरांत होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या पडद्याची स्वतंत्र दखल घेतली. एडवर्ड टफ्टी यांनी त्याचे केलेले विश्लेषणही प्रसिद्ध आहे. अपघाताची कारणे अर्थातच अनेक होती. परंतु ६४० पटींचा फरक तळाशी दडला, तो कोणी दडवला म्हणून नव्हे; मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे या साच्यात तो आपसूक तेथे गेला.

उच्चार आणि गुणपत्रक

'न' आणि 'ण' यांतील फरक शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. प्रमाणभाषेवरील प्रभुत्व विद्यार्थ्याला पुढे मुलाखतीत आणि नोकरीत लागणारच आहे. मात्र ती शिकवण भाषेच्या तासाला, चारचौघांत हसू न होता व्हावी. परिसंवादाच्या गुणपत्रकात उच्चाराला स्वतंत्र गुण ठेवले की आपण नकळत घर मोजतो, तयारी नव्हे. ज्याच्या घरी प्रमाणभाषा बोलली जाते त्याला ते गुण अभ्यासाविना मिळतात. ऐकू येणे आणि समजणे, हे दोन निकष पुरेसे आहेत.

गेल्या वर्षापासून मी माझ्या विषयापुरते ते पाच गुण प्रश्नोत्तरांकडे वळविले आहेत. 'मला ठाऊक नाही, पण अमुक ठिकाणी शोधता येईल' या उत्तरालाही त्यात गुण आहेत. प्रारंभी विद्यार्थ्यांचा यावर विश्वास बसला नाही.

खरी अडचण वेळेची आहे. ६० विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा मिनिटे म्हणजे ६०० मिनिटे, ५० मिनिटांचे पूर्ण बारा तास. अभ्यासक्रम संपविण्याच्या घाईत हे कोणाला परवडणारे नाही. म्हणून मुख्य सादरीकरणापूर्वी प्रत्येक तासाच्या सुरुवातीची तीन मिनिटे एका विद्यार्थ्याला देतो : चिठ्ठी एक, म्हणणे एक, पडदा नाही, आणि वर्गाकडून एकच प्रश्न. विषय त्याच्या माहितीतला असावा एवढीच अट. या वर्षी पहिल्या दिवशी एका विद्यार्थिनीने दूध संकलन केंद्रावर फॅट कसे मोजतात ते सांगितले. तीन मिनिटांची वेळ पाच मिनिटांवर गेली, आणि एका प्रश्नाच्या जागी चार आले.