झेरॉक्स काढलेली किंकाळी

समजा, एका गाजलेल्या सिनेमाची पटकथा जशीच्या तशी उचलली. संगीत तेच. कॅमेरा जवळपास त्याच जागी, कात्री त्याच क्षणी. नट तेवढे नवे आणि चित्र रंगीत. मग तयार होईल तो मूळचाच सिनेमा की नाही?

हॉलिवूडने या प्रश्नावर खरोखर पैसे लावले! अल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ १९६० चा. १९९८ मध्ये गस व्हॅन सँटने तो जवळजवळ शॉटला शॉट लावून पुन्हा काढला. जोसेफ स्टेफानोची पटकथा तीच, बर्नार्ड हर्मनचं संगीतही तेच. नायिका पैसे घेऊन पळते, ती रक्कम तेवढी ४० हजार डॉलरवरून ४ लाखांवर गेली. महागाई कोणाला चुकली आहे?

आता बाथरूममधला, नायिकेच्या खुनाचा तो प्रसंग बघा. पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिट, चित्रीकरण मात्र आठवडाभर. चाकू अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. एक तुकडा हाताचा, एक शॉवरचा, एक वासलेल्या तोंडाचा. वार करतं ते आपलं डोकं! रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, कृष्णधवल चित्रात बेमालूम खपलेलं. आणि हिचकॉकला इथे संगीतच नको होतं, माहीत आहे? हर्मनने तरीही व्हायोलिनच्या त्या किंकाळ्या लिहिल्या. ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं.

१९९८ मध्येही हे सगळं हजर आहे. रक्त तर आता लालभडक. मग धडकी का भरत नाही?

कारण १९६० मध्ये जॅनेट ली स्टार होती. तिकीट काढणाऱ्याला वाटे, नायिका आहे, शेवटपर्यंत राहणारच. आणि ती पाऊण तासात मरते! जिचा हात धरून जत्रेत शिरलो तीच गर्दीत नाहीशी व्हावी, तसं होतं. आता पाहायचं कोणाकडे? म्हणूनच हिचकॉकने नियम घातला होता: सिनेमा सुरू झाला की कोणालाही आत सोडायचं नाही. उशिरा येणारा बिचारा जॅनेट लीची वाट बघत बसला असता.

थोडक्यात, भीतीच्या या यंत्राचा एक भाग पडद्यावर नव्हताच. तो खुर्चीत बसला होता, काहीएक माहीत नसलेला. १९९८ च्या प्रेक्षकाला ते बाथरूम पाठ होतं. १९६० च्या अज्ञानाची झेरॉक्स कुठून काढणार?

एका ठिकाणी मात्र नक्कल मूळच्या पुढे गेली. शहरावरून उडत एका दमात हॉटेलच्या खिडकीत शिरायचं, अशी सुरुवात हिचकॉकला हवी होती. तेव्हाच्या तंत्राला ते पेललं नाही, तुकडे सांधावे लागले. व्हॅन सँटने हेलिकॉप्टरमधून ते करून दाखवलं. शॉट देखणा आहे. पण मला विचाराल तर चोरून डोकावल्याची लाज वाटते ती त्या जुन्या सांधलेल्या तुकड्यांतच.

समीक्षकांनी व्हॅन सँटला झोडपलं. मला त्याचे आभार मानावेसे वाटतात. इतका महागडा प्रयोग दुसरं कोण करणार होतं?

दोन्ही बघणार असाल तर आधी १९६० चा बघा. खुनी कोण, ते मी मुद्दामच सांगितलेलं नाही.